जुन्या गॅस ओव्हनचा पायलट नॉब सोडला की विझायलाय, अख्खा व्हॉल्व्ह बदलावा का?

पावखारी_उदगीर

राम राम मंडळी. बेकरीतला जुना डबल डेक गॅस ओव्हन आहे, १९ किलोच्या निळ्या सिलिंडरवर चालणारा. बनावटीची प्लेट कधीच गळून गेली. दोन्ही डेकला वेगवेगळे पायलट (मेन बर्नर पेटवणारी बारीक ज्योत), वेगवेगळे थर्मोस्टॅटवाले व्हॉल्व्ह. वरचा डेक ठणठणीत चालायलाय. खालच्यानं मात्र वैताग आणलाय.

पहाटे नॉब दाबून ठिणगी दिली की पायलट लगेच पेटतो. पण मिनिटभर दाबून धरला अन् सोडला की आतून ‘टक’ आवाज येतो, ज्योत गेली. पुन्हा पुन्हा केलं की कधीतरी धरतो. धरला तर मेन बर्नर नीट लागतो, काटा २२० वर जातो, पण तास-सव्वा तासानं पायलटसकट सगळं बंद. तवर पावाचे ट्रे आत गेलेले असतात, अन् अर्धे भाजलेले पाव ना विकता येत ना परत लावता येत. पायलटची ज्योत पिवळसर आहे, बारीक थरथरते.

एक मिस्त्री म्हणतो अख्खा व्हॉल्व्ह बदला, दुसरा म्हणतो थर्मोकपल गेलाय. मल्टिमीटर आहे, पाने आहेत. खर्चात पडायच्या आधी काय काय तपासावं अन् कोणत्या क्रमानं?

गॅसफिटर_जालना

भाऊ, व्हॉल्व्हचा नंबर सगळ्यात शेवटी. पायलट विझायलाय म्हणजे सुरक्षा यंत्रणा तिचं काम नीट करायलीय. तिला लागणारी वीज कुठंतरी कमी पडतेय, ती कुठं गळतेय एवढं शोधायचं.

आत काय चालतं ते आधी लक्षात घ्या, मग क्रम आपोआप कळेल. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंचा जोड. टोक ज्योतीत लाल होईस्तोवर तापलं की त्यातून साधारण २५ ते ३० मिलिव्होल्ट वीज निघते. ती बारीक तांब्याच्या नळीतून व्हॉल्व्हमधल्या चुंबकाच्या गुंडाळीत जाते अन् चुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. तुम्ही नॉब दाबता तेव्हा झडप बोटानं उघडी धरलेली असते. सोडल्यावर ती चुंबकानं धरायची. चुंबकाला जोर पुरला नाही की स्प्रिंग झडप बंद करते, तोच तुमचा ‘टक’.

आता वीज इतकी किरकोळ अन् गुंडाळीचा रेझिस्टन्स ओमच्या शंभराव्या भागात मोजावा असा. त्यामुळं नटाखालच्या टोकावर नुसता काळा थर आला किंवा तेलकट मैदा बसला तरी निम्मा जोर तिथंच जातो. नवीन थर्मोकपल लावला अन् प्रॉब्लेम गेला असं कितीतरी वेळा होतं ते यामुळंच. गुण थर्मोकपलचा नसतो, नट खोलून परत आवळल्याचा असतो.

म्हणून क्रम असा: आधी ज्योत, मग टोक ज्योतीत बसलंय का, मग नटाचा जोड, मग थर्मोकपल, शेवटी चुंबक.

ज्योत निळी, टोकदार, न थरथरणारी पाहिजे, अन् थर्मोकपलच्या वरच्या १० ते १२ मिमी भागाला तिनं वेढून घेतलं पाहिजे. नुसतं टोकाला चाटून जाणारी ज्योत कामाची नाही. उलट थर्मोकपल ज्योतीत पार बुडाला तर खालचा भागही तापतो अन् व्होल्टेज पडतं. पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी. ती गार असते, वर टोकावर काजळी धरते, अन् काजळी धरली की टोक आणखी कमी तापतं.

मग मोजमाप. सिलिंडर बंद करा, ओव्हन गार होऊ द्या. व्हॉल्व्हच्या मागचा थर्मोकपलचा नट खोला. हा बहुधा एम८ किंवा एम९, बारीक आट्यांचा असतो, रिंग पाना नसला तर नीट बसणारा साधा पाना घ्या, पकडीनं कोपरे मारू नका. नळीला घडी पडू देऊ नका. टोकाशी एक चकतीसारखा बिंदू दिसेल, त्याच्याभोवती इन्सुलेशन, अन् बाहेर तांब्याची नळी. आता गॅस चालू करून नॉब दाबूनच धरा, पायलट पेटवा. नट सुटलेला असला तरी नॉब दाबलेला आहे तोवर पायलटला गॅस मिळतो. मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर, एक पिन बिंदूला, दुसरी तांब्याच्या नळीला. मिनिटभरानं आकडा स्थिर होतो. २५ च्या वर असला तर थर्मोकपल उत्तम. २० च्या खाली असला तर ज्योत किंवा थर्मोकपल यांपैकी एक कच्चं. उलटं चिन्ह आलं तर पिना उलट्या आहेत, घाबरायचं कारण नाही.

दोन्ही डेकचा आकडा घ्या. वरचा चांगला चालतोय म्हणता ना, मग तुलनेला तो हाताशीच आहे.

ढाबा_नांदेड

एवढा कुटाणा कशाला? नॉब दाबून वरून पट्टी ठोका नाहीतर तार आवळा. कितीतरी हॉटेलांत तसंच चाललेलं असतं, काही होत नाही.

वाळूज_सेफ्टी

वरचा सल्ला कुणीही ऐकू नका. का ते आकड्यांत सांगतो.

बेकरीच्या एका डेकचा बर्नर १२ किलोवॉटचा धरा. एलपीजीच्या एका किलोत साधारण १२.८ किलोवॉट-तास उष्णता, म्हणजे बर्नर तासाला ९४० ग्रॅम, मिनिटाला सुमारे १६ ग्रॅम गॅस सोडतो. साध्या नळासारख्या व्हॉल्व्हवर नॉब बांधून ठेवला अन् ज्योत गेली, तर हा सगळा गॅस न जळता आत जमणार. हवेत एलपीजी साधारण २ टक्के झाला की तो पेट घेण्याजोगा होतो. अर्ध्या घनमीटरच्या पोकळीत २ टक्के म्हणजे १० लिटर वाफ, वजनात जेमतेम २० ग्रॅम. म्हणजे सव्वा मिनिट. नंतर कुणी ठिणगी दिली किंवा वरच्या डेकचा बर्नर लागला की ओव्हनचं दार समोरच्या माणसाच्या अंगावर येतं.

अन् एलपीजी हवेपेक्षा जड. वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, जमिनीलगत, ओव्हनच्या खाली, गटारीत साचतो. म्हणून पायलट विझला की लगेच परत पेटवायचा नाही. नॉब बंद, दार सताड उघडं, ५ मिनिटं थांबा, खाली वाकून वास बघा, मगच ठिणगी. वास येत असेल तर एक्झॉस्टचं बटणही दाबू नका, बटणातली ठिणगी पुरते. सिलिंडर बंद करा, माणसं बाहेर काढा अन् गॅस गळतीच्या तातडीच्या नंबरला, १९०६ ला, फोन लावा. गॅस डिटेक्टर लावायचा असला तर जमिनीपासून वीतभर उंचीवर. छताला लावलेला डिटेक्टर एलपीजीला शोभेपुरता.

पावखारी_उदगीर

जालनावाले दादा, मोजलं. वरच्या डेकचा २७ मिलिव्होल्ट, खालच्याचा १७. खालच्या नटाखालचा बिंदू काळा पडलेला होता. ज्योत टोकाच्या फक्त खालच्या बाजूला लागायलीय अन् पिवळी आहे ते आधी लिहिलंच. पायलटचा जेट (गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड) साफ कसा करायचा? इथं एकानं शिलाई मशीनची सुई घालायला सांगितलं.

बर्नरजेट_परभणी

सुई बिलकूल घालू नका. एलपीजीच्या पायलट जेटचं भोक ०.२ ते ०.३ मिमीच्या आसपास असतं. जेट पितळेचा, सुई पोलादाची. एकदा फिरवली की भोक मोठं नाहीतर लंबगोल होतं. मग गॅस जास्त येतो, हवा तेवढीच राहते, ज्योत आणखी पिवळी होते अन् तिरकी जाते. त्यापुढं साफसफाईचा उपयोग नाही, जेटच बदलावा लागतो.

साफ असा करा. सिलिंडर बंद. पायलटला येणारी बारीक नळी (४ किंवा ६ मिमीची असते) दोन पाने लावून खोला, एकानं पायलटचं अंग धरायचं अन् दुसऱ्यानं नट फिरवायचा. एकाच पान्यानं ओढलं की पायलटचा ब्रॅकेट वाकतो अन् मग ज्योत थर्मोकपलला लागतच नाही. तुमची ज्योत टोकाच्या खालीच लागायलीय, तर आधी कुणी हेच केलं असण्याची शक्यता आहे, ब्रॅकेट सरळ आहे का बघा. नळी काढली की जेट खालून निघतो, कधी नुसता ठेवलेला असतो, हातातून पडतो, तर खाली परात किंवा पांढरं फडकं ठेवा. वरच्या डेकच्या जेटवर कोरलेला नंबर अन् याचा नंबर एकच आहे का तेही ताडून घ्या, मागं कुणी भलताच जेट बसवलेला असू शकतो.

जेट अर्धा तास थिनरमध्ये किंवा स्पिरिटमध्ये बुडवून ठेवा (अर्थात भट्टीपासून लांब), मग हवा मारा. हवा उलट्या बाजूनं मारायची, म्हणजे ज्योतीच्या बाजूनं आत. कचरा गॅसच्या बाजूनं आलेला असतो, त्याच दिशेनं रेटला तर आणखी घट्ट बसतो. कॉम्प्रेसर नसला तर पंक्चरच्या दुकानात नेऊन हवा मारून आणा. उजेडाकडं धरून बघितला तर भोक गोल अन् स्वच्छ दिसलं पाहिजे.

आता खरी मेख. पिवळ्या ज्योतीचं कारण बहुतेक वेळा जेट नसतोच, हवेचं भोक असतं. पायलटच्या अंगाला बाजूनं एक-दोन छोटी भोकं असतात, तिथून हवा ओढली जाते. बेकरीत मैद्याची धूळ सतत उडत असते, ती तिथं बसते, तुपाच्या वाफेनं चिकटते अन् तापून खरपूस होते. दात घासायच्या जुन्या ब्रशनं ती भोकं घासा, आतली नळी बारीक बाटली-ब्रशनं किंवा कानात घालायच्या कापसाच्या काडीनं पुसा. ओव्हन काही दिवस बंद होता का? मग कोळ्याचं जाळं नक्की शोधा. बर्नरच्या नळीत कोळी हमखास जाळं करतो, दिसायला कापसाच्या धाग्याएवढं, पण हवा पार अडवतं.

एक सांगून ठेवतो, बाजूचा पायलट किंवा बर्नर चालू ठेवून ओव्हनवर हवा मारू नका. मैद्याचा धुरळा हवेत उडाला अन् ज्योत मिळाली तर तोही भडका घेतो. आधी ब्रशनं झाडून, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. अन् दाराच्या कडेची पांढरी दोरी जुनी असेल तर ती खरवडू नका, जुन्या ओव्हनमध्ये ती ॲस्बेस्टॉसची असू शकते.

जोडणी करताना बारीक नळीच्या ऑलिव्हच्या (नटाखाली दाबून बसणाऱ्या धातूच्या कडीच्या) जोडावर टेफ्लॉन टेप लावू नका. तिथं धातूवर धातू बसून गॅस थांबतो, टेपनं उलट जोड नीट बसत नाही, अन् टेपचा तुकडा सुटून जेटमध्ये अडकला की पहिले पाढे पंचावन्न. जोड झाला की साबणाचं पाणी लावून फुगे बघा. काडी पेटवून गळती बघणारे अजूनही आहेत, त्यांच्यापुढं हात जोडले.

गॅसफिटर_जालना

परभणीकरांनी ज्योतीचं काम निकालात काढलं. मी जोडाचं सांगतो.

काळा पडलेला बिंदू शून्य नंबरच्या पॉलिश पेपरनं हलक्या हातानं दोन-चार वेळा पुसा, चमक आली की थांबा. कानस नको. व्हॉल्व्हच्या भोकात आतही तसाच एक संपर्काचा बिंदू आहे, तो पेन्सिलच्या टोकाला कापड गुंडाळून स्पिरिटनं पुसा. ग्रीस, ऑइल, एम-सील असलं काही लावायचं नाही. नट आधी हातानं बसेल तेवढा बसवा, मग पान्यानं फक्त पाव फेरा. जास्त आवळला तर बिंदूभोवतीचं इन्सुलेशन चेपतं, वीज आतल्या आत शॉर्ट होते अन् चांगला थर्मोकपल मरतो. मिस्त्री लोक घट्ट म्हणजे चांगलं समजून इथंच घात करतात.

सगळं बसवून पायलट पेटला की ३० सेकंद नॉब धरा अन् सोडा. धरला? आता उलटी परीक्षा. ५ मिनिटं पायलट चालू द्या, मग सिलिंडर बंद करा अन् ज्योत गेल्यापासून ‘टक’ ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. निरोगी जोडी २०-३० सेकंद, कधी त्याहून जास्त धरून राहते. ५-७ सेकंदांत टक आला तर जोर काठावरच आहे, आज चालेल, पहाटेच्या गारठ्यात दगा देईल. अन् दीड मिनिट होऊनही टक आलाच नाही तर झडप अडकलेली आहे. ही सगळ्यात धोक्याची अवस्था, तो व्हॉल्व्ह त्या दिवसापासून वापरायचा नाही.

व्होल्टेज २५ च्या वर, दोन्ही बिंदू स्वच्छ, नट बरोबर, अन् तरीही चुंबक धरत नाही, तेव्हाच व्हॉल्व्हवर बोट ठेवायचं. त्यातही कितीतरी व्हॉल्व्हमध्ये चुंबकाचा भाग वेगळा मिळतो, अख्खा व्हॉल्व्ह घ्यायची गरज पडत नाही.

पावखारी_उदगीर

ब्रॅकेट खरंच वाकलेला होता. सरळ केला, जेट अन् हवेचं भोक साफ केलं, बिंदू पुसला. आता ज्योत निळी, आकडा २६, नॉब सोडल्यावर लगेच धरायलाय. टक २४ सेकंदांनी येतो.

पण दुसरं दुखणं तसंच आहे. तासाभरानं बंद पडतोच. गार झाला की पुन्हा ठीक.

गॅसफिटर_जालना

म्हणजे दोन वेगळी दुखणी होती. हे दुसरं उष्णतेचं.

थर्मोकपलची वीज टोकाच्या तापमानावर नाही, टोक अन् बूड यांच्या तापमानातल्या फरकावर निघते. टोक लाल अन् बूड गार, तर भरपूर वीज. बूडही तापलं की टोक तेवढंच लाल असूनही आकडा घसरतो. टोकाखाली जिथं तो तांब्याच्या नळीला मिळतो ती जागा बर्नरच्या झोतापासून आडोशाला पाहिजे. जुन्या ओव्हनमध्ये तिथं एक छोटा पत्रा असतो, तो गंजून गळून जातो. किंवा तळातली ग्लासवूल बसून जाते अन् भट्टीची धग खाली येते. किंवा धुरांडं काजळीनं कोंदलं की गरम हवा वर न जाता खालून उलटी फिरते.

पडताळा सोपा आहे. पुढच्या वेळी बंद पडला की थर्मोस्टॅट पायलटच्या खुणेवर आणा, दार उघडून ५ मिनिटं थांबा, हातमोजे घालून नट खोला अन् पहिल्यासारखंच मिलिव्होल्ट घ्या. गार असताना २६ होता, आता १४-१५ आला तर बूड तापतंय, पत्रा अन् वूल बघा. आकडा २२-२३ च असेल तर दोष दुसरीकडं.

ती दुसरी जागा म्हणजे ओव्हरहीट स्विच. काही ओव्हनमध्ये थर्मोकपलच्या नटाजवळ एक जोडतुकडा असतो, त्यातून दोन बारीक वायरी निघून मागच्या भिंतीवरच्या स्विचला जातात. जास्त तापलं की स्विच सर्किट तोडतो, पायलट जातो. त्याच्या चपट्या पिना सैल झाल्या की गरम झाल्यावर संपर्क सुटतो. पिना काढून, पुसून, पकडीनं किंचित चेपून परत बसवा. स्विच शॉर्ट करून चालवायचा नाही. अन् थर्मोस्टॅटचा बल्ब, ती तांब्याची लांब काडी, क्लिपेतून निसटून खाली पडलीय का तेही बघा. ती गार कोपऱ्यात पडली तर काटा २२० दाखवतो अन् आत खरं २८० असतं. मग ओव्हरहीट स्विच बरोबरच वागतोय. साधा ओव्हन थर्मामीटर मधल्या ट्रेवर ठेवून एकदा ताडून घ्या.

अंबाजोगाई_एलपीजी

मेन बर्नर लागताक्षणी पायलट जात असेल तर ती तिसरी भानगड, गॅसच्या दाबाची. उदगीरकरांचं तसं नाही, पण इथं वाचणाऱ्यांना उपयोगी म्हणून लिहितो.

थर्मोस्टॅटवाले हे व्हॉल्व्ह कमी दाबाचे. एलपीजीला ३० मिलिबार, अन् वरची मर्यादा बहुधा ५० मिलिबार, ती व्हॉल्व्हच्या प्लेटवर लिहिलेली असते. भजी-जिलबीच्या मोठ्या शेगडीचा हाय प्रेशर रेग्युलेटर यांना कधीही लावू नका. ज्योत जेटपासून उचलली जाते, फरफर आवाज करते अन् विझते, शिवाय आतला पडदा फाटतो.

दाब मोजायला महागडं मीटर लागत नाही. पारदर्शक नळी घ्या, फळीवर यू आकारात बसवा, दोन्ही बाजू निदान ४० सेंमी उंच. निम्म्यापर्यंत पाणी भरा, दिसायला थोडा खायचा रंग टाका. नळीचं एक टोक व्हॉल्व्हच्या टेस्ट निपलला (दाब मोजायच्या तोंडाला), त्यातला स्क्रू दोन फेरे सैल करून. गॅस सोडला की पाण्याच्या दोन पातळ्यांत सुमारे ३०० मिमी फरक पडला पाहिजे, तेच ३० मिलिबार. आता मेन बर्नर पूर्ण चालू करा. फरक २५० च्या खाली आला तर रेग्युलेटर किंवा नळी अपुरी आहे. काम झालं की स्क्रू आवळून साबणाचं पाणी लावायला विसरायचं नाही. हे सगळं हवेशीर जागी, जवळ दुसरी ज्योत नको.

थंडीचंही कारण असतं. परभणी-नांदेडकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा एक आकडी होतो अन् बेकऱ्या नेमक्या तेव्हाच चालू होतात. आपल्या एलपीजीत ब्यूटेन अन् प्रोपेन दोन्ही. प्रोपेन उणे ४२ अंशांलाही उकळतो, ब्यूटेन शून्याच्या जरासं खाली. सिलिंडर संपत आला की उरलेल्यात ब्यूटेनचं प्रमाण जास्त, त्यात दोन्ही डेक एकदम ओढायला लागले की सिलिंडर स्वतःच गार होतो, अंगावर दव धरतो अन् दाब पडतो. यावर उपाय म्हणजे वितरकाकडून दोन सिलिंडरचा मॅनिफोल्ड (दोन्ही सिलिंडर एकाच लाइनला जोडायची जोडणी) करून घ्या. सिलिंडरखाली शेगडी, गरम पाण्याचं टब, आडवा पाडणं, हे प्रकार जिवावरचे. आडवा पाडला की द्रवरूप गॅसच नळीत येतो.

सुरक्षा नळीवर छापलेली तारीखही बघून घ्या, ५ वर्षं झाली की बदला. दिसायला चांगली आहे म्हणून ठेवू नका.

नानकटाई_लातूर

माझ्याकडं एकच डेक आहे, पहाटे ४ ते दुपारी १२ चालतो. पायलट रात्रंदिवस चालू ठेवते, कारण रोज पेटवायचा कंटाळा. त्यानं गॅस किती जातो? अन् बंद-चालू केल्यानं थर्मोकपल लवकर जातो का?

वाळूज_सेफ्टी

ताई, पायलट २०० वॉटचा धरला तर दिवसाला ४.८ किलोवॉट-तास, म्हणजे ३७५ ग्रॅम गॅस. त्यातले १६ तास ओव्हन बंदच असतो, म्हणजे रोज २५० ग्रॅम फुकट. महिन्याला साडेसात किलो. १९ किलोच्या सिलिंडरचा भाव लावून बघा, कंटाळा परवडतो का ते कळेल.

थर्मोकपल जळण्यानं झिजतो, रोज एकदा पेटवल्यानं नाही. चोवीस तास ज्योतीत राहणारा उलट लवकर खंगतो. अन् दुकान बंद करून घरी गेल्यावर मागं ज्योत नको. दुपारी नॉब बंद, सिलिंडरचाही बंद. बंद केल्यावर लगेच परत पेटवायला गेलात अन् नॉब फिरत नसला तर जोर लावू नका. काही व्हॉल्व्हला कुलूप असतं, थर्मोकपल गार होऊन टक आवाज येईपर्यंत ते सुटत नाही.

ठिणगी पडत नसेल तर पिझोच्या (बटण दाबल्यावर ठिणगी पाडणाऱ्या भागाच्या) टोकापासून पायलटपर्यंत ३-४ मिमी अंतर ठेवा अन् पांढऱ्या चिनी मातीला तडा गेलाय का बघा. तड्यातून ठिणगी भलतीकडंच उडते.

पावखारी_उदगीर

बंद पडल्यावर आकडा घेतला, १५ आला. खाली वाकून बघितलं तर आडोशाचा पत्रा गळून बर्नरच्या कडेला पडलेला. तो कोणत्या पत्र्याचा करून घ्यावा? अन् एवढं तापून निघालेला थर्मोकपल बदलून टाकावा म्हणतो, दुकानात काय सांगून मागू?

गॅसफिटर_जालना

पत्रा स्टेनलेसचा घ्या, १ मिमी जाड, जीआय (जस्त चढवलेला लोखंडी पत्रा) नको. जीआयचा जस्ताचा थर तिथल्या धगीला जळतो अन् महिन्या-दोन महिन्यांत भुगा होतो. मूळ पत्र्याची भोकं त्यावर आखून घ्या. पत्रा थर्मोकपलला टेकता कामा नये, मधे ५-६ मिमी हवा खेळू द्या. पायलटची हवेची भोकं झाकली जाणार नाहीत एवढं बघा.

थर्मोकपल घ्यायला जाताना जुना काढून सोबतच न्या. तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: व्हॉल्व्हकडच्या नटाचे आटे (एम८ अन् एम९ नुसत्या डोळ्यांना सारखेच वाटतात, नवीन नट जुन्या व्हॉल्व्हवर हातानं पूर्ण बसला तरच घ्या), पायलटकडच्या टोकाची जाडी अन् तिथं धरायची पद्धत, अन् लांबी. लांबी ६००, ९००, १२०० मिमी अशी मिळते. तुमचं अंतर ७०० असेल तर ९०० चा घ्या अन् उरलेला भाग ओव्हनच्या बाहेर, गार बाजूला मोठ्या गोल वळणानं गुंडाळा. बाटलीच्या जाडीपेक्षा बारीक वळण देऊ नका. आतली तार इन्सुलेशन फोडून नळीला टेकते अन् मग आकडा शून्य. ‘युनिव्हर्सल’ म्हणून पाकिटात चार-पाच अडॅप्टर देतात ते चालतं, पण अडॅप्टर आला की संपर्काची आणखी एक जागा वाढते, तेव्हा नेमका मिळत असेल तर नेमकाच घ्या.

बसवायच्या आधी गार असतानाच ओमवर एकदा मोजा: बिंदू ते नळी, एक ओमच्या आत आलं पाहिजे. ओपन दाखवला तर दुकानदाराला तिथंच परत करा. अन् जुना फेकू नका, पुसून ठेवा. १७ चा २६ झालाच होता ना, अडीअडचणीला रविवारी कामाला येईल.